व्हिक्टर हेस: बलूनमधून आकाशात गेलेला माणूस आणि दगडांमधलं घड्याळ

आधी एक छोटंसं काम करा. फोनवर लोणार सरोवराचं वय शोधा. एका ठिकाणी ५२ हजार वर्षं सापडेल, दुसरीकडे ५ लाख ७० हजार. अजून थोडं खोलात गेलात तर ३७ हजारांच्या आसपासचा आकडाही दिसेल. बुलढाणा जिल्ह्यातला खड्डा एकच, उल्का आदळली एकदाच, आणि वयं मात्र तीन! यातला एकही आकडा कुणी मनानं ठोकून दिलेला नाही. तिन्ही प्रयोगशाळेतून आलेत.

यातला तिसरा आकडा ज्या पद्धतीनं काढला, ती पद्धत मला सगळ्यात भारी वाटते. तिच्यात दगडालाच विचारतात की बाबा, तू उघड्यावर किती दिवस पडून आहेस? आणि दगडाकडे खरंच उत्तर असतं. आकाशातून कॉस्मिक किरण रात्रंदिवस पडत असतात (मराठी पुस्तकांत त्यांना विश्वकिरण म्हणतात), आणि त्यांच्या माऱ्यानं दगडात मोजके नवे अणू तयार होतात. ते मोजले की हिशेब लागतो.

पण असे किरण आहेत, हेच १९१२ पर्यंत कुणाला ठामपणे माहीत नव्हतं. ते दाखवून दिलं व्हिक्टर हेस या ऑस्ट्रियन माणसानं. आज त्याची गोष्ट सांगतो. लोणारकडे मध्येच परत येऊ.

वाड्यात जन्म, पण वाडा दुसऱ्याचा

हेसचा जन्म २४ जून १८८३ चा. ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतात, ग्राट्स शहराच्या उत्तरेला वाल्डश्टाइन नावाचा किल्लेवजा वाडा आहे, तिथला. वाडा त्यांचा नव्हता बरं का. वडील एका सरदार घराण्याच्या जंगलांची देखरेख करायचे, म्हणून कुटुंब तिथे राहायचं. शाळा ग्राट्सला, कॉलेज ग्राट्सला, डॉक्टरेटही तिथेच, १९०६ मध्ये.

पुढचा प्लॅन बर्लिनचा होता. पाउल ड्रूड या नामांकित शास्त्रज्ञाकडे प्रकाशावर काम करायचं, असं ठरलं होतं. हेस तिथे पोहोचायच्या काही आठवडे आधी ड्रूडनं आत्महत्या केली. तेविशीतल्या पोराचा सगळा बेतच कोसळला. मग तो व्हिएन्नाला गेला. तिथे किरणोत्साराचं, म्हणजे रेडियम वगैरेचं वारं जोरात होतं. १९१० मध्ये व्हिएन्नात खास रेडियमच्या अभ्यासासाठी एक संस्था उघडली आणि हेस तिथे स्टेफान मायर या संचालकाचा सहायक झाला. जोडीला जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. प्रकाश राहिला बाजूला.

एरोप्लेन मोडवरही बॅटरी उतरतेय!

तेव्हाच्या भौतिकशास्त्रात एक किरकोळ वाटणारी कटकट होती. इलेक्ट्रोस्कोप नावाचं साधं यंत्र असतं. त्याला विद्युतभार दिला की आतल्या दोन पट्ट्या किंवा तंतू एकमेकांपासून दूर होतात. भार आत टिकून राहायला हवा, कारण कोरडी हवा वीज वाहून नेत नाही. पण तो टिकत नव्हता. यंत्र बंद डब्यात ठेवा, शिशाच्या जाड भिंतीमागे ठेवा, तरी तंतू हळूहळू जवळ यायचेच. म्हणजे आतली हवा कुणीतरी आयनित करत होतं, आणि भार गळत होता.

तुमच्या भाषेत सांगू? फोन एरोप्लेन मोडवर टाकलाय, सगळी ॲप बंद केलीत, आणि सकाळी बघता तर चार्जिंग उतरलेलं. मागे काहीतरी चालू आहे, पण दिसत नाहीये.

बहुतेकांनी दोष जमिनीला दिला. खडकांत युरेनियम, थोरियम असतं, त्यातून गॅमा किरण निघतात, तेच हे करत असणार. पटण्यासारखंच होतं ते. मग पडताळायचं कसं? जमिनीपासून लांब जायचं. थिओडोर वुल्फ नावाच्या जेझुइट पाद्रीनं स्वतःच एक दणकट इलेक्ट्रोमीटर बनवला आणि १९१० मध्ये तो घेऊन पॅरिसच्या आयफेल टॉवरवर चढला. ३०० मीटर उंचीवर गळती कमी झाली खरी, पण जितकी व्हायला हवी होती तितकी नाही. इटलीत डोमेनिको पाचिनीनं १९११ मध्ये यंत्र समुद्रात पाण्याखाली नेलं, तर तिथे गळती कमी झाली. जमीनच दोषी असेल तर पाण्यावर एक आणि पाण्याखाली दुसरं असं का व्हावं? स्वित्झर्लंडचा आल्बर्ट गॉकेल तर बलूनमधूनही वर जाऊन आला होता. धागेदोरे होते, पण निकाल लागत नव्हता.

हेसनं इथे एक गोष्ट केली जी मला त्याच्या प्रसिद्ध उड्डाणापेक्षाही जास्त आवडते. वर जायच्या आधी त्यानं खाली हिशेब पक्का केला. संस्थेत रेडियम होतं, त्या काळी सोन्याहून कितीतरी महाग. त्याचा एक जोरदार स्रोत एका जागी ठेवून, यंत्र वेगवेगळ्या अंतरांवर नेऊन त्यानं मोजलं की गॅमा किरण हवेत किती अंतरात शोषले जातात. निष्कर्ष असा की जमिनीतून निघालेले किरण ५०० मीटर उंचीवर जवळजवळ संपलेले असायला हवेत. आता त्याच्याकडे मोजपट्टी होती. त्या उंचीच्या वरही गळती चालू असेल, तर जमीन निर्दोष सुटणार होती.

७ ऑगस्ट १९१२

१९११ ते १९१३ या काळात हेसनं एकूण १० उड्डाणं केली. बरीचशी व्हिएन्नाच्या प्राटर मैदानावरून. एक १७ एप्रिल १९१२ ला, मुद्दाम सूर्यग्रहणाच्या वेळी. चंद्रानं सूर्य बराचसा झाकला तरी यंत्रातला आकडा काही घटला नाही. काही उड्डाणं रात्रीची होती, तिथेही तेच. म्हणजे जे काही येत होतं, ते मुख्यतः सूर्याकडून येत नव्हतं.

पण ही बलूनं फार उंच जात नव्हती. उंचीसाठी हायड्रोजन हवा होता. हायड्रोजन म्हणजे एक ठिणगी पडली की खेळ खलास. बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, एल्बे नदीकाठच्या आउसिग गावातून ७ ऑगस्टला सकाळी ६ वाजून गेल्यावर बलून सुटलं. टोपलीत तिघे: चालक, हवामानाची निरीक्षणं घेणारा, आणि हेस. शिवाय वुल्फच्या धर्तीची तीन यंत्रं. एकावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून तीन. उंची कळायला बॅरोमीटर. (तुमच्यापैकी काहींच्या फोनमध्येही हा सेन्सर असतो, त्यावरूनच तो उंची सांगतो.)

सुरुवातीला, अपेक्षेप्रमाणे, गळती थोडी कमी झाली. जमीन दूर जात होती. मग ती थांबली. मग वाढायला लागली. दीड-दोन किलोमीटरच्या वर तर वाढ स्पष्टच दिसू लागली. बलून ५,३५० मीटरपर्यंत पोहोचलं. तिथली हवा इतकी विरळ की साधी हालचाल जड जाते. उघड्या टोपलीत, त्या अवस्थेत हा माणूस दुर्बिणीसारख्या नळीतून तंतूंमधलं अंतर वाचत होता आणि वहीत लिहीत होता. ५ किलोमीटरच्या आसपास आयनीभवन जमिनीवरच्यापेक्षा कित्येक पट होतं. दुपारी १२ च्या सुमारास ते बर्लिनच्या पूर्वेला एका गावाजवळ उतरले.

त्याच वर्षी त्यानं निष्कर्ष छापला: खूप भेदक असं काहीतरी वातावरणात वरून, बाहेरून येतंय.

लगेच जयजयकार झाला असं समजू नका. अनेकांना वाटलं, उंचावरच्या थंडीनं यंत्रच बिघडलं असेल. जर्मनीच्या वेर्नर कोलहोर्स्टरनं पुढच्या दोन वर्षांत ९,३०० मीटरपर्यंत जाऊन हेसचंच म्हणणं खरं ठरवलं. त्याचं ते सर्वात उंच उड्डाण झालं २८ जून १९१४ ला. त्याच दिवशी सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि महिन्याभरात महायुद्ध पेटलं. बलूनं दुसऱ्याच कामाला लागली. अमेरिकेच्या रॉबर्ट मिलिकननं आधी या किरणांवर शंका घेतली, मग १९२५ मध्ये स्वतःच्या प्रयोगांनी ते सिद्ध केले आणि त्यांना कॉस्मिक किरण हे नाव दिलं. अमेरिकी पेपरांनी तर सरळ मिलिकन किरण म्हणायला सुरुवात केली. नाव देणारा भाव खाऊन जातो, हे तेव्हाही असंच होतं.

रेडियमची किंमत

युद्धानंतर ऑस्ट्रियात पैसा नव्हता. १९२१ ते १९२३ हेस अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ऑरेंज गावी, युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशनच्या संशोधन प्रयोगशाळेचा संचालक होता. ही तीच कंपनी, जिथे घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग लावणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी टोकदार करायच्या. पुढे त्यांचे जबडे झिजले, कित्येकींचा जीव गेला. त्यांचा कोर्टातला लढा जगभर गाजला तोवर हेस ग्राट्सला परतलेला होता. या प्रकरणात त्याचा काही हात होता असं नाही, पण त्या काळात रेडियम हाताळणारे सगळेच, शास्त्रज्ञ काय आणि कामगार काय, एकाच विषाशी खेळत होते.

हेसही सुटला नाही. १९३१ मध्ये तो इन्सब्रुकला गेला आणि गावाच्या डोक्यावरच्या हाफेलेकार डोंगरावर, सुमारे २,३०० मीटर उंचीवर, त्यानं कॉस्मिक किरण मोजण्याचं ठाणं उभारलं. आता बलूनच्या काही तासांऐवजी बारा महिने मोजता येणार होतं. पण वर्षानुवर्षं रेडियम हाताळल्यानं त्याच्या हाताला झालेली इजा वाढत गेली. १९३४ मध्ये त्याचा अंगठा कापावा लागला, घशाच्या स्वरयंत्रावरही शस्त्रक्रिया झाली. दोन वर्षांनी, १९३६ मध्ये नोबेल मिळालं. निम्मं त्याला, निम्मं कार्ल अँडरसनला, ज्यानं याच कॉस्मिक किरणांत पॉझिट्रॉन हा कण शोधला होता. उड्डाण आणि नोबेल यांच्यात तब्बल २४ वर्षं गेली.

नोबेलचा आनंद दीड वर्षही टिकला नाही. मार्च १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला. हेस तेव्हा पुन्हा ग्राट्सला प्राध्यापक होता. कट्टर कॅथलिक, आधीच्या सरकारच्या बाजूचा, आणि बायको बेर्टा ज्यू वंशाची. नव्या राजवटीला यातलं एक कारणही पुरलं असतं. नोकरी गेली. अटक होण्याच्या आत नवरा-बायको स्वित्झर्लंडला निसटले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कला पोहोचले. वय ५५. तिथल्या फोर्डम या जेझुइट विद्यापीठानं त्याला प्राध्यापक म्हणून घेतलं. १९४४ मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला.

न्यूयॉर्कमध्ये त्यानं काय केलं माहितीये? पुन्हा तोच जुना प्रश्न: वरून किती येतंय आणि खालून किती? महायुद्धानंतर, हिरोशिमाच्या बॉम्बची धूळ अमेरिकेपर्यंत आलीय का, हे तपासणाऱ्या पहिल्या मोजणींत तो होता. मग एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर यंत्र लावलं. नंतर उलट्या टोकाला, मॅनहॅटनमध्येच १९० व्या रस्त्याच्या भुयारी स्टेशनात, डोक्यावर सुमारे १६० फूट खडक असताना. तिथे आकाशातलं फारच थोडं पोहोचतं, त्यामुळे खडकाचं स्वतःचं वेगळं मोजता येतं. एका सहकाऱ्याबरोबर त्यानं माणसाच्या शरीरात साठलेलं अगदी थोडं रेडियम बाहेरून मोजायची रीतही काढली. ऑरेंजच्या त्या मुलींच्या वेळी असं काही हाताशी असतं तर, असं मला वाटून जातं. पुढे अणुचाचण्यांना त्यानं विरोध केला. अंगठा गमावलेल्या माणसाचं हे मत होतं, ऐकीव नव्हतं.

आता घड्याळ

हेस भुयारात खडक मोजत होता त्याच सुमाराला इतरांच्या लक्षात येऊ लागलं की वरून येणारे किरण खडकात कायमची नोंद ठेवून जातात. १९५५ मध्ये अमेरिकेत रेमंड डेव्हिस आणि ऑलिव्हर शेफर यांनी दगडात कॉस्मिक किरणांनी बनलेलं क्लोरीन-३६ शोधलं, आणि यावरून दगड किती काळ उघडा आहे ते सांगता येईल असं मांडलं.

आणि त्याच वर्षी, मुंबईत! होमी भाभा स्वतः कॉस्मिक किरणांतले मोठे नाव. त्यांची टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, तेव्हा गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबात होती. तिथे बर्नार्ड पीटर्स काम करत होते. हे मूळचे जर्मन. नाझींच्या डाखाऊ छावणीतून सुटून अमेरिकेत गेले, तिथे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून छळ झाला, आणि १९५१ मध्ये मुंबईला आले. हेससारखेच देश सोडावा लागलेले. १९५५ मध्ये पीटर्स यांनी मांडलं की कॉस्मिक किरणांमुळे वातावरणात बेरिलियम-१० तयार होत असलं पाहिजे आणि ते जमिनीवर, समुद्रात साठत असलं पाहिजे. त्यांचे विद्यार्थी देवेंद्र लाल आणि सहकाऱ्यांनी खोल समुद्रातल्या गाळात ते शोधलंही. अमेरिकेत जेम्स अर्नॉल्ड यांनाही जवळपास त्याच वेळी सापडलं. लाल पुढे आयुष्यभर याच विषयात राहिले. दगडांच्या पृष्ठभागाची धूप या अणूंवरून कशी काढायची, यावरचा त्यांचा १९९१ चा पेपर आजही या क्षेत्रातला पाया मानतात.

आता घड्याळ चालतं कसं ते बघू. अवकाशातून प्रचंड वेगानं येणारे प्रोटॉन वातावरणावर आदळतात. त्यातून कणांचा सडा पडतो, आणि त्यातले जोरदार न्यूट्रॉन जमिनीपर्यंत पोहोचतात. समोर गारगोटी आली समजा. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, सिलिकॉन आणि ऑक्सिजन. न्यूट्रॉननं ऑक्सिजनच्या अणुगर्भाला टक्कर दिली की कधीकधी त्याचे तुकडे उडतात आणि उरतं बेरिलियम-१०. सिलिकॉन फुटला तर ॲल्युमिनियम-२६. आकाशातून आलेल्या माऱ्यानं घडलेले हे अणू, म्हणून त्यांना कॉस्मोजेनिक न्यूक्लाइड म्हणतात.

वेग किती? समुद्रसपाटीला, ध्रुवांकडच्या भागात, एक ग्रॅम गारगोटीत वर्षाला सुमारे ४ अणू. फक्त चार! आणि त्या एका ग्रॅममध्ये एकूण अणू असतात ३ वर २२ शून्यं इतके. डोंगरावर हा वेग कितीतरी पट वाढतो, कारण वरून झाकणारी हवा कमी. हेसच्या तंतूंनी जे दाखवलं, तेच.

समजा एका हिमनदीनं मोठा धोंडा आणून टाकला आणि बर्फ वितळून गेला. धोंडा उघडा पडला, मीटर सुरू. आज त्याच्या वरच्या थरातल्या गारगोटीत ग्रॅमला ४० हजार बेरिलियम-१० अणू सापडले, तर भागिले ४, म्हणजे १० हजार वर्षं. बर्फ कधी मागे हटला ते कळलं. (खरा हिशेब जरा लांबतो. उंची, अक्षांश, पृथ्वीचं चुंबकत्व, आणि बेरिलियम-१० स्वतःही हळूहळू नाहीसं होतं, दर १४ लाख वर्षांनी निम्मं.)

मीटर शून्यावरून सुरू होतो याचं कारण असं की खडकात हा मारा फार खोल जात नाही. साधारण ६० सेंटीमीटर खाली गेलं की तो एक-तृतीयांशाच्या जरा वर उरतो, ३ मीटर खाली एक टक्काही नाही. डोंगराच्या पोटात गाडलेला दगड जवळपास कोरा असतो.

पण यातच एक पेच आहे. तेच ४० हजार अणू दुसरीही गोष्ट सांगू शकतात. समजा दगड लाखो वर्षं उघडाच आहे, पण वरून सतत झिजतोय, दर हजार वर्षांना ६ सेंटीमीटर. म्हणजे पृष्ठभागाचा प्रत्येक कण त्या वरच्या ६० सेंटीमीटरच्या पट्ट्यातून वर यायला १० हजार वर्षं घेणार, आणि तेवढेच अणू जमवणार. आकडा एकच, अर्थ दोन: एक तर न झिजलेला १० हजार वर्षांचा दगड, नाहीतर कितीतरी जुना पण झिजणारा. नुसत्या एका आकड्यावरून निवाडा होत नाही. मग हेसनं केलं तसंच करावं लागतं, एका यंत्रावर भागवायचं नाही. बेरिलियम-१० बरोबर ॲल्युमिनियम-२६ मोजायचं, जे दुप्पट वेगानं नाहीसं होतं. किंवा एकाच जागी खोल खोल नमुने घेऊन अणू कसे घटतात ते बघायचं.

हाच पेच उलटा वापरला की धूप मोजता येते. नदीतली मूठभर वाळू घ्या. ती वरच्या सगळ्या डोंगरांतून आलीय. तिच्यातले अणू कमी, तर डोंगर भराभर झिजताहेत. अणू जास्त, तर निवांत. म्हणजे शेती आणि धरणं येण्याच्या आधीची हजारो वर्षांची धूप कळते, आणि आजचा गाळ त्याच्याशी ताडून बघता येतो. दक्षिणेकडच्या सह्याद्रीत असं काम झालंय. महाराष्ट्राच्या काळ्या दगडात मात्र ही रीत थेट लावणं अवघड, कारण बेसॉल्टच्या मूळ घटकांत गारगोटी जवळजवळ नसतेच. तिथे क्लोरीन-३६ किंवा हेलियम-३ सारखी दुसरी घड्याळं शोधावी लागतात.

लोणारचं काय?

२०१४ च्या एका अभ्यासात बेरिलियम-१० आणि ॲल्युमिनियम-२६ वरून लोणारचं वय सुमारे ३७ हजार वर्षं निघालं. त्याआधी आर्गॉनच्या पद्धतीनं सुमारे ५ लाख ७० हजार आलं होतं, आणि ५२ हजार हा उष्णतेनं दिसणाऱ्या चमकेवरून काढलेला अजून जुना आकडा. आता तुम्हीच बघा. आर्गॉनचं घड्याळ विचारतं, दगड वितळला कधी? कॉस्मिक किरणांचं घड्याळ विचारतं, हा पृष्ठभाग उघडा कधीपासून? खड्ड्याचा काठ पावसानं झिजत गेला असेल, तर नोंद ठेवणारे वरचे थर वाहून गेले, आणि दगड तरुण दिसणार. दुसऱ्या बाजूनं, वितळताना दगडातला जुना आर्गॉन पूर्ण निघून गेला नसेल, तर तो आकडा फुगलेला दिसेल, आणि इथला मूळ खडक तर साडेसहा कोटी वर्षांचा. वाद मिटलेला नाही. माझा कल मोठ्या आकड्याकडे आहे, कारण उघडं राहण्याचं वय हे बहुतेकदा कमीत कमी वय असतं. पण तलावाशेजारी लावलेल्या एखाद्या पाटीवर एकच आकडा ठळक अक्षरांत दिसला, तर त्यावर फार विसंबू नका.

जाता जाता, हेच किरण तुमच्या फोनलाही सोडत नाहीत. मेमरीतल्या एखाद्या बिटवर कण आदळला तर शून्याचा एक होऊ शकतो. म्हणून सर्व्हर आणि विमानांच्या कॉम्प्युटरमध्ये अशी चूक पकडायची सोय असते. आणि क्रेडो नावाचं एक ॲप आहे, ज्यात कॅमेरा पूर्ण झाकून ठेवला की सेन्सरवर पडलेले असे ठिपके पकडता येतात. रात्री चार्जिंगला लावून बघा.

शेवटची वर्षं

१९५५ मध्ये बेर्टा कॅन्सरनं गेली. तिची शुश्रूषा करणाऱ्या एलिझाबेथ हेन्केशी हेसनं त्याच वर्षी लग्न केलं. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस शिकवणं थांबलं. पार्किन्सननं शरीर थकत गेलं. १७ डिसेंबर १९६४ ला न्यूयॉर्कजवळच्या माउंट व्हर्नन इथे तो वारला, वयाच्या ८१ व्या वर्षी.

डेव्हिस-शेफर आणि मुंबईचं काम त्याच्या हयातीतच छापून आलं होतं. पण ग्रॅममधले काही हजार अणू नेमके मोजणारं यंत्र त्याला बघायला मिळालं नाही. ते ॲक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमीटर १९७७ नंतरचं. त्यात नमुन्यातले अणू प्रचंड वेगानं पळवून, वजनानुसार वेगळे करून एकेक मोजतात. त्याच्या आधी दगड फोडायचा, गारगोटी वेगळी करायची, ॲसिडनं पुन्हा पुन्हा धुवायची, म्हणजे पावसातून येऊन वर चिकटलेलं बेरिलियम निघून जाईल आणि आतलंच राहील. वरचं आणि आतलं वेगळं केलं नाही, तर सगळी मेहनत पाण्यात. याच पद्धतींनी अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या प्रसिद्ध उल्काविवराचं वय सुमारे ५० हजार वर्षं ठरलं.

चंद्रावर तर वारा नाही, पाऊस नाही, झीज अगदी नावाला. अपोलो १६ च्या अंतराळवीरांनी आणलेल्या दगडांवरून तिथल्या नॉर्थ रे विवराचं वय याच तऱ्हेनं काढलं, सुमारे ५ कोटी वर्षं. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला, दक्षिणेकडे, हेस नावाचंही एक विवर आहे. व्हिक्टर हेस आणि समुद्रतळाचा अभ्यास करणारा भूशास्त्रज्ञ हॅरी हेस अशा दोघांचं मिळून ते नाव आहे. तिथून एकही दगड अजून कुणी आणलेला नाही.